पुस्तकावर बंदी येते म्हणजे कागदोपत्री नेमकं काय होतं?

पानउलट्या

अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा पुस्तकबंदीवर आली की सगळे तावातावाने बोलतात, पण बंदी घालण्याचं काम प्रत्यक्षात कसं पार पडतं ते कुणी सांगत नाही. 'मर्यादा हव्यात की नकोत' या वादात मला शिरायचं नाही. मला यंत्रणा समजून घ्यायची आहे.

बंदी कोण घालतं आणि कोणत्या कलमाखाली? तिला आव्हान कोण देऊ शकतं, कुठे आणि किती दिवसांत? न्यायालय काय तपासतं, पुस्तक की सरकारचा कागद? वाचनालयाच्या कपाटात किंवा घरी जुनी प्रत असली तर तो गुन्हा होतो का? आणि ही सगळी व्यवस्था इंग्रजांनी मागे ठेवली की घटनेने आणली?

छत्रपती शिवाजी महाराजांवरच्या जेम्स लेन यांच्या पुस्तकाचं उदाहरण घ्या. कुणी म्हणतं अजून बंदी आहे, कुणी म्हणतं सर्वोच्च न्यायालयाने उठवली, कुणी म्हणतं प्रकाशकानेच ते मागे घेतलं होतं. तिघंही ठामपणे सांगतात.

पूर्णपीठ

सरकार कायद्याने पुस्तक वाचायला मनाई करत नाही, त्याच्या सगळ्या प्रती सरकारजमा करतं. तो अधिकार आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तोच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता. मजकुराचा गाभा तोच राहिल्यामुळे कलम ९५ वरचे निकाल आजही वापरले जातात.

आधी राज्य सरकारचं, म्हणजे व्यवहारात गृह विभागाचं, असं मत व्हावं लागतं की पुस्तकातला मजकूर ठरावीक गुन्ह्यांत मोडतो. ते गुन्हे भारतीय न्याय संहितेतले आहेत. कलम १५२ सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणण्याचं, १९६ गटागटांत शत्रुत्व वाढवण्याचं, १९७ राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणण्याचं, २९४ आणि २९५ अश्लीलतेचं, २९९ धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने दुखावण्याचं. यादी इथे संपते. बदनामी तिच्यात नाही. 'थोर पुरुषाचा अपमान' नावाचं कलमही नाही, म्हणून असा विषय आला की सरकारला तो ओढूनताणून १९६ मध्ये बसवावा लागतो आणि बहुतेक वेळा तिथेच फसतं.

मत झालं की राजपत्रात अधिसूचना निघते. या अधिसूचनेत सरकारने आपल्या मताची कारणं लिहिलीच पाहिजेत. ती प्रसिद्ध झाल्या क्षणी सगळ्या प्रती सरकारजमा होतात आणि कोणताही पोलीस अधिकारी त्या भारतात कुठेही जप्त करू शकतो. म्हणजे एका राज्याच्या गृह विभागाचा कागद देशभर चालतो, ही गोष्ट पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात नसते. दुकानात किंवा घरात शिरून झडती घ्यायची तर दंडाधिकाऱ्याचं वॉरंट लागतं आणि झडती घेणारा अधिकारी किमान उपनिरीक्षक असावा लागतो.

आव्हान त्याच संहितेच्या कलम ९९ खाली, थेट उच्च न्यायालयात. मुदत दोन महिने, आणि ती राजपत्रातल्या प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजायची. वर्तमानपत्रात बातमी आली त्या दिवसापासून मोजणारे फसतात. सुनावणी तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठापुढे होते आणि मतभेद झाला तर बहुमताने निकाल लागतो. अर्ज करायला 'हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती' चालते. लेन प्रकरणात न्यायालयात गेले ते लेखकही नव्हते आणि प्रकाशकही नव्हते. एक वकील, एक माहितीपटकार आणि एक सामाजिक कार्यकर्ती असे तिघं होते.

आता तुमचा कळीचा प्रश्न. न्यायालय पुस्तकही वाचतं, पण आधी कागद वाचतं. हरनाम दास प्रकरणात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिसूचनेत कारणं नसतील तर ती टिकत नाही. १९७६ मध्ये तमिळ समाजसुधारक पेरियार यांच्या रामायणावरच्या पुस्तकाच्या हिंदी अनुवादाबाबत उत्तर प्रदेश सरकार याच मुद्द्यावर हरलं. २०१० मध्ये महाराष्ट्र सरकारही. लेन यांच्या पुस्तकाची कलम ९५ खालची अधिसूचना डिसेंबर २००६ ची. मुंबई उच्च न्यायालयाने ती एप्रिल २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१० रोजी तो निकाल कायम केला. शत्रुत्व नेमकं कोणत्या दोन गटांत निर्माण होणार? अधिसूचनेत होतं ते इतकंच की छत्रपती शिवाजी महाराजांना मानणारे आणि न मानणारे यांच्यात. असा दुसरा गट नेमका कोणता, हे सरकारला दाखवता आलं नाही.

अधिसूचना लिहिताना नेहमीची चूक म्हणजे कलमाचे शब्द उतरवून काढायचे आणि तेच 'कारण' म्हणून खपवायचे. कलम म्हणजे कायदा. कारण म्हणजे या पुस्तकातला अमुक मजकूर, अमुक पानावरचा, अमुक लोकांना उद्देशून, आणि त्याचा अमुक परिणाम. कागदात हे नसेल तर नंतर प्रतिज्ञापत्रात मागचं पुढचं कितीही जोडलं तरी उपयोग नसतो. कारणं अधिसूचनेच्या अंगातच असावी लागतात.

पण 'बंदी आली की न्यायालय उठवतंच' असंही समजू नका. इस्लामवरच्या आर. व्ही. भसीन यांच्या पुस्तकावर महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये बंदी घातली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने (तीन न्यायमूर्तींच्या) २०१० मध्ये ती कायम ठेवली. धर्माची टीकात्मक चिकित्सा करण्याचा हक्क त्याच निकालात मान्य केला आहे. त्या पुस्तकाची भाषा आणि हेतू मात्र चिकित्सेचा नाही, असं पीठाचं मत पडलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले तर सीमारेषा कुठे पडते त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

जुन्या प्रतीबद्दल: कलम ९८ प्रत जप्त करू देतं, जवळ बाळगणाऱ्याला शिक्षा देत नाही. विकणं, वाटणं, उतारे पसरवणं ही वेगळी गोष्ट. तिथे मूळ गुन्ह्याची कलमं लागू शकतात.

जुनं बाड

इतिहासाची बाजू जोडतो. कलम ९८ चं कूळ थेट १९१० च्या प्रेस ॲक्टपर्यंत जातं.

त्याआधीही हत्यारं होती, पण विखुरलेली. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक, प्रकाशक आणि ठिकाण छापणं सक्तीचं केलं. आपल्या पुस्तकांच्या श्रेयपानावर मुद्रकाचं नाव-गाव येतं ते तेव्हापासून, आणि हेतू सौजन्याचा नव्हता, कुणाला पकडायचं ते कळावं एवढाच होता. १८७८ चा देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरचा कायदा थोड्याच वर्षांत रद्द झाला. त्याच सालचा सागरी सीमाशुल्क कायदा मात्र दीर्घकाळ कामाला आला. सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथ १९०९ मध्ये छापून होण्याआधीच हिंदुस्थानात आणायला मनाई झाली, ती त्याच कायद्याने. ती १९४६ पर्यंत टिकली.

१९१० च्या कायद्याने पैशांची नस पकडली. नवा छापखाना काढायचा तर ५०० ते २,००० रुपये अनामत. चालू छापखान्याकडून ५,००० पर्यंत मागता येई. अनामत जप्त झाली आणि पुन्हा सुरू करायचं म्हटलं तर १,००० ते १०,०००. त्या काळचे हे आकडे लहान छापखान्याला बुडवायला पुरेसे होते. याच कायद्यात पुस्तक सरकारजमा करण्याची, दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाण्याची आणि तीन न्यायमूर्तींच्या विशेष पीठाची तरतूद होती. पूर्णपीठ यांनी वर सांगितलेली आजची रचना तीच आहे.

फरक होता तो पुराव्याच्या ओझ्याचा. आपला मजकूर कायद्याच्या कचाट्यात येत नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. १९१३ मध्ये मौलाना महंमद अली यांनी बाल्कन युद्धाबद्दलच्या एका पत्रकाच्या जप्तीला कलकत्ता उच्च न्यायालयात आव्हान दिलं. मुख्य न्यायमूर्ती होते सर लॉरेन्स जेंकिन्स, आधी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. अधिसूचनेत कारणं दिलेली नाहीत, हा दोष त्यांना स्पष्ट दिसला आणि त्यांनी तो लिहूनही ठेवला. पण त्याच कायद्याच्या आणखी एका कलमाने न्यायालयाचे हात बांधले होते, म्हणून अर्ज फेटाळावा लागला. १९६१ मध्ये हरनाम दास यांना जो मुद्दा जिंकून देतो तो १९१३ मध्ये मान्य होऊनही निरुपयोगी ठरला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच आहे. 'स्वातंत्र्य' या मोठ्या शब्दापेक्षा 'कारण न दिल्यास हुकूम रद्द' या कोरड्या नियमाने जास्त पुस्तकं वाचवली आहेत.

१९२२ मध्ये प्रेस ॲक्ट रद्द झाला, पण त्याच कायद्याने जप्तीचा अधिकार अलगद उचलून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ९९-अ म्हणून ठेवला. खास कायद्यातली तरतूद नेहमीच्या कायद्यात मुरली ती अशी. १९७३ च्या संहितेत ते ९५ झालं आणि आता ९८. धार्मिक भावनांचं कलम, जुनं २९५-अ (आजचं २९९), १९२७ सालचं. लाहोरच्या एका पुस्तिकेवरून पेटलेल्या प्रकरणानंतर ते घातलं गेलं.

मराठीतलं ठळक उदाहरण शिवरामपंत परांजपे यांचं. 'काळ'मधल्या निबंधांचे संग्रह जप्त झाले आणि ती बंदी १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या वेळी उठली. टिळकांचे खटले इथे बसत नाहीत. तिथे आरोपी माणूस होता आणि कलम राजद्रोहाचं, १२४-अ होतं. माणसावरचा खटला आणि पुस्तकाची जप्ती हे दोन निरनिराळे रस्ते आहेत. एक दुसऱ्याविना चालू शकतो, आणि बंदी उठली म्हणून खटला आपोआप पडत नाही.

घटनेबद्दल थोडक्यात. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर कोणते निर्बंध चालतील ते सांगणाऱ्या १९५० च्या मूळ कलम १९(२) मध्ये 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारणच नव्हतं. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने १ मार्च १९५० रोजी प्रांतात मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २६ मे रोजी, तीन महिन्यांच्या आत, ती उडवली. जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणं घातली. त्याच दुरुस्तीने निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत, ही अटही घातली. दुरुस्तीला शिव्या घालणारे ही दुसरी अर्धी बाजू सोडून देतात. आज न्यायालयात जे काही जिंकलं जातं ते बहुतेक त्या एका विशेषणाच्या जोरावर.

पानउलट्या

दोघांचेही आभार. म्हणजे लेनच्या पुस्तकावरची सरकारी बंदी २०१० नंतर नाही. मग ते इथल्या दुकानात का दिसत नाही? आणि ई-पुस्तक किंवा परदेशातून मागवलेली प्रत याला हेच कलम लागतं का?

खिळेजुळणी

दुकानात दिसत नाही, कारण प्रकाशक ऑक्सफर्डने भारतातली आवृत्ती नोव्हेंबर २००३ मध्येच मागे घेतली. क्रम नीट पाहा. आधी प्रकाशकाची माघार, मग ५ जानेवारी २००४ रोजी, लेन यांना मदत केल्याच्या रागातून, पुण्याच्या भांडारकर संशोधन संस्थेवर हल्ला, मग पुण्यात गुन्हा आणि सरकारी कारवाई. वर सांगितलेली कलम ९५ ची अधिसूचना तर जवळपास तीन वर्षांनंतरची. न्यायालयाने तो कागद रद्द केला, पण पुस्तक छापायला प्रकाशकाला कुणी भाग पाडू शकत नाही.

बहुतेक पुस्तकं राजपत्रापर्यंत पोचतच नाहीत. पोलिसांत तक्रार, छापखान्यात फोन, वितरकाचे गठ्ठे परत, संपला विषय. यात आव्हान द्यायला कागदच नसतो. पुण्यातल्या त्या गुन्ह्यात लेखक आणि प्रकाशनाचे अधिकारी यांच्याबरोबर दिल्लीचा मुद्रकही आरोपी होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००७ मध्ये तो गुन्हा रद्द केला, तोवर तीन वर्षं गेली. एवढं पाहिल्यावर कोणता मुद्रक पुढचं वादग्रस्त काम अंगावर घेईल?

लहान प्रकाशकाने लक्षात ठेवायच्या गोष्टी सांगतो.

१९६, १९७ आणि २९९ या कलमांखाली एफआयआर नोंदवायला सरकारची परवानगी लागत नाही, पण न्यायालयाला दखल घेण्यापूर्वी ती लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१७). आरोपपत्र आलं की पहिल्यांदा मंजुरीचा कागद आहे का आणि तो कोणत्या तारखेचा आहे ते बघायचं. मंजुरी नसेल तर पुढचं सगळं डळमळतं.

तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत कलम १७३(३) खाली पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ मध्ये एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक यांच्या पीठाने सांगितलं की आरोप बोलण्या-लिहिण्याचा असेल तर अशी चौकशी आधी करणं योग्य. पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं तर वकिलाकरवी हा मुद्दा लेखी द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

करारात लेखकाकडून 'सगळी जबाबदारी माझी' असं हमीचं कलम घेण्याची पद्धत आहे. तो कागद दोघांपुरताच. फौजदारी प्रकरणात प्रकाशकाला त्याची ढाल मिळत नाही. त्यापेक्षा आक्षेप येऊ शकेल अशा प्रत्येक विधानासमोर पानवार आधार लिहिलेली हस्तलिखिताची प्रत जपून ठेवा. मात्र 'इतिहासात आहे तेच लिहिलंय' एवढ्यावर सुटका होते असं समजू नका. गटागटांतल्या शत्रुत्वाच्या कलमात खरेपणा हा एकटा पूर्ण बचाव नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे. पुस्तक सलग वाचून त्याचा एकूण रोख काय आहे ते पाहिलं जातं. गोपाळ गोडसे यांच्या पुस्तकावरची १९६७ ची जप्ती १९६९ मध्ये रद्द झाली ती असं सबंध वाचन करूनच. सुटे उतारे काढून मांडणं हे तक्रारदाराचं काम. तुम्ही उत्तरादाखल त्याच्यापुढची-मागची पानं जोडून द्या.

माफीचाही हिशेब असतो. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेच्या अश्लीलतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कविता छापणाऱ्या अंकाच्या प्रकाशकावरचा आरोप रद्द केला, कारण त्याने बिनशर्त माफी छापली होती. कवीवरचा खटला चालू ठेवला. प्रकाशकाने माफी छापली की लेखक एकटा पडतो, हे दोघांनी आधीच बोलून घेतलेलं बरं. नंतर बोलायला जाल तर तोंडं फिरलेली असतात.

दर्यापार

ई-पुस्तक आणि परदेशी प्रतीबद्दल.

परदेशातून येणारा माल कलम ९८ खाली नव्हे, सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११ खाली अडवला जातो. हा अधिकार केंद्राचा. रश्दींच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'वर ५ ऑक्टोबर १९८८ ची जी 'बंदी' म्हणतात ती अशी आयातबंदी होती. २०१९ मध्ये एका वाचकाने दिल्ली उच्च न्यायालयात तिला आव्हान दिलं. सरकारी खात्यांना मूळ अधिसूचना सापडेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की जी दाखवता येत नाही ती अस्तित्वात नाही असंच धरावं लागेल. छत्तीस वर्षं जिच्यावर पुस्तक अडलं ती अधिसूचना कुणाच्याच फायलीत नव्हती!

संकेतस्थळावरचा मजकूर अडवायचा तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९-अ. हेही केंद्राकडे. तिथली कारणं संरक्षण, सार्वभौमत्व, परराष्ट्रसंबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशी मोजकी आहेत, अश्लीलता किंवा बदनामी नाही. पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. त्यामुळे राजपत्रातल्या अधिसूचनेसारखा कागद वाचकाच्या हाती पडत नाही, आणि वर ज्या 'कारणं दाखवा' मुद्द्यावर इतके विजय मिळाले तो इथे मांडायलाच जागा उरत नाही. मला विचाराल तर पुढची पन्नास वर्षं भांडण या नियमावर होईल.

पूर्णपीठ

ताजं उदाहरण राहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरच्या गृह विभागाने कलम ९८ खाली एकाच अधिसूचनेत २५ पुस्तकं सरकारजमा केली. त्यांत मुंबईचे दिवंगत वकील ए. जी. नूरानी यांचंही पुस्तक आहे. पंचवीस पुस्तकांना मिळून एकच कारणमीमांसा पुरते का, हा हरनाम दासपासूनचा प्रश्न तिथे पुन्हा उभा आहे. काही जण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांना उच्च न्यायालयात जायला सांगितलं गेलं. कलम ९९ ची वाट असताना ती सोडून वर गेलं की बहुधा असंच परत पाठवतात, आणि मुदतीतले दिवस वाया जातात ते वेगळेच.

पानउलट्या, वाचनालयासाठी एक सल्ला. पोलीस प्रत न्यायला आले तर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख विचारा, जप्ती पंचनाम्याची प्रत घ्या आणि दाखलनोंदवहीत पुस्तकापुढे तो क्रमांक लिहा. अधिसूचना पुढे रद्द झाली तर प्रत परत मागायला तोच आधार.